आत माणूस आहे

मित्रांनो, चिंचपोकळी स्टेशनाकडून आमच्या गल्लीत शिरलात की नव्या टोलेजंग इमारतीच्या मागे एक लोखंडी मनोरा दिसतो. त्याला खिडक्या नाहीत, गॅलऱ्या नाहीत. त्यात माणसं राहत नाहीत, गाड्या राहतात. त्याच्या तिसऱ्या मजल्यावर, वळणाच्या कोपऱ्यात भिंतीला टांगलेली, मूळची राखाडी आणि आता पिवळट पडलेली पेटी म्हणजे मी. माझ्या पोटात एक छोटा संगणक आहे आणि माथ्यावर काचेचा एक डोळा.

इथे पूर्वी चाळ होती. चाळीतली माणसं नव्या इमारतीत राहायला गेली, त्यांच्या मुलांनी गाड्या घेतल्या आणि त्या ठेवायला जागा पुरेना, म्हणून हा मनोरा उभा राहिला. इथे कोणी गाडी चालवत आत नेत नाही. मालक गाडी खाली उभी करतो, कार्ड लावतो आणि बाजूला होतो. मग एक चपटी, बुटकी ट्रॉली गाडीच्या पोटाखाली शिरते, तिची चाकं उचलून धरते, लिफ्टने वर येते आणि मजल्यावरच्या अरुंद वाटेने जाऊन गाडी जागेवर ठेवते. ट्रॉलीवर ड्रायव्हर नसतो. तिला वाट दाखवतो आम्ही, मजल्यामजल्यावरच्या पेट्या.

माझी जुळणी स्टेशनच्या पलीकडल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये झाली. राजाराम नावाचे एक इंजिनिअर तिथे होते. बोलायला मोजके, पण तारा जोडताना आमच्याशी बोलायचे. आमच्यात मुख्य पेटी कोणती, असं वर्कशॉपच्या मालकांनी त्यांना एकदा विचारलं. राजाराम म्हणाले, मुख्य अशी कोणीच नाही. मग त्यांनी मालकांना कपाटाचं उदाहरण दिलं. चाळीच्या जिन्यावरून चार-पाच जण मिळून कपाट उतरवतात, तेव्हा त्यांच्यात साहेब कोणी नसतो. ज्याला जो कोपरा दिसतो तो त्याचं सांगतो. सगळे ‘हां’ म्हणाले तरच पाऊल पुढे पडतं. पण एकाने जरी ‘थांबा’ म्हटलं, तरी सगळे जागच्या जागी थांबतात. का, ते नंतर विचारतात.

आम्हाला त्यांनी तसंच शिकवलं. ट्रॉली हलवायची तर सगळ्या पेट्यांची संमती हवी. थांबवायची तर एकीचा नकार पुरे.

सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. संध्याकाळी पोरं खाली जमायची आणि गाडी आपोआप वर जाताना बघून टाळ्या वाजवायची. त्यांच्यात एक वयस्क गृहस्थही असायचे, जयवंतकाका. याच जागेवरच्या चाळीत ते जन्मले, पण बोलणं गावाकडचं, मालवणी. तरुणपणी गिरणीत होते आणि गिरणी बंद पडल्यावर एका औषधांच्या दुकानात लागले. त्यांच्या मुलाची, हितेंद्रची गाडी माझ्याच मजल्यावर, वळणाच्या पुढे असायची. ती वर चढली की ते बायकोला, ललिताकाकूंना, म्हणायचे, “बघ, आपलो घोडो चाललो तबेल्यात.”

मग शेजारच्या प्लॉटवर नव्या टॉवरचं काम सुरू झालं. पायाचे खांब ठोकणारं पायलिंगचं अजस्र यंत्र दिवसभर जमिनीत घाव घालू लागलं. प्रत्येक घावाला आमचा मनोरा थरथरायचा आणि सिमेंटची धूळ आत यायची. कबुतरांनीही माझ्या मजल्यावर बस्तान मांडलं. माझा डोळा आठवड्यातून एकदा पुसायचा, असं ठरलेलं होतं. पण वर चढायचा कंटाळा, म्हणून पुसणारे खालूनच परत जाऊ लागले.

डोळ्यावर धुळीचा थर बसला की मला वाटेत काहीतरी सावळं दिसायचं. ती सावली आहे, कबुतर आहे की माणूस, हे मला ठरवता येत नसे. आणि ठरवता आलं नाही तर थांबायचं, अशी माझी शिकवण. मी ‘थांबा’ म्हणायची. सगळं ठप्प व्हायचं. सकाळी ऑफिसला निघालेली माणसं खाली चिडून उभी राहायची. मनोऱ्याचा ऑपरेटर मनू धावत वर यायचा, आणि बहुतेक वेळा त्याला कबुतरच दिसायचं.

“तिसरीचं परत डोकं फिरलं,” तो खाली ओरडून सांगायचा.

सोसायटीचे सेक्रेटरी पुष्कर हे मोठ्या कंपनीत हुद्द्यावर होते. माणूस वाईट नव्हता. रोज तीस लोकांची बोलणी खाऊन कोणीही वैतागेल, तसे ते वैतागले होते. देखभालीच्या कंपनीला त्यांनी सांगितलं, काहीतरी करा. माझा डोळा पुसून घेणं हे सर्वांत सोपं होतं. पण कंपनीचा माणूस आला आणि त्याने नियमच बदलला. एका पेटीने लागोपाठ तीनदा नकार दिला, तर खाली कार्ड लावायच्या जागेचा पडदा विचारणार: ‘या पेटीशिवाय पुढे जायचं का?’ कोणी ‘हो’ दाबलं की ती पेटी मोजणीतून बाद. नकाराच्या वेळी वाजणारा माझा भोंगाही त्याने तोडून टाकला, कारण समोरच्या फ्लॅटमधल्यांना त्याचा त्रास व्हायचा.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी बोलू शकत होते, पण माझं ऐकणं कोणावर बंधनकारक नव्हतं.

आता त्या शनिवारची गोष्ट सांगते.

सकाळी कंपनीची आकांक्षा तपासणीला आली. ही अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत वाढलेली मुलगी, यंत्रांचा डिप्लोमा केलेली. चढायच्या आधी तिने आपल्या चपला खालच्या शटरजवळ काढल्या आणि पिशवीतले जाड तळव्याचे बूट घातले. मग मनोऱ्याची किल्ली फिरवून काढून घेतली आणि खिशात टाकली. किल्ली काढली की लिफ्ट आणि ट्रॉली बंद, आमचे डोळे-कान तेवढे चालू; आत कोणीही निर्धास्त जावं. आपण वर जातोय, असं तिने मनूला सांगितलंही.

माझ्यापाशी आल्यावर तिने आधी रुमाल ओला करून माझा डोळा पुसला. किती दिवसांनी मला सगळं लख्ख दिसलं! मग वळणाच्या पलीकडे जाऊन ती पालथी झोपली. तिथे ट्रॉलीच्या वाटेतली एक लोखंडी पट्टी सैल झाली होती. पट्टीखाली हात घालून ती आतला नट चाचपडत होती. तेवढ्यात शेजारच्या यंत्राचा मोठा घाव बसला, मनोरा हादरला आणि पट्टी खाली सरकली. तिचं मनगट पट्टीखाली अडकलं.

ती आधी ओरडली नाही. दुसऱ्या हाताने पट्टी उचलायचा प्रयत्न करत राहिली. पट्टी हलेना. मोबाइल काढून पाहिला, तर त्या लोखंडाच्या पोटात रेंज नव्हती. मग तिने मनूला हाका मारल्या. पण यंत्र धडधडत होतं, आणि तिची हाक तिसऱ्या मजल्यावरून खाली पोहोचत नव्हती. मनू वर येईल तेव्हा बघेल, अशा भरवशावर ती दम खात पडून राहिली.

मनू मात्र तेव्हा खाली नव्हता. खाली वेगळंच काही घडलं होतं.

खालच्या मजल्यावरच्या पेटीला माईक आहे. ती जे ऐकते ते आम्हा सगळ्यांना पोहोचतं. म्हणून मला सगळं कळत होतं. जयवंतकाकांच्या छातीत दुखायला लागलं होतं. हितेंद्र त्यांना धरून खाली घेऊन आला होता. शटरजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत काका वाकून बसले होते, अंगाला घाम सुटलेला, आणि ललिताकाकू त्यांची पाठ चोळत होत्या. ॲम्ब्युलन्स पुलापाशी वाहतुकीत अडकली होती. ती आली तर तिला वाट करून द्यायला पुष्करांनी मनूला गल्लीच्या तोंडाशी पाठवलं होतं; वर आकांक्षा आहे, हे सांगायचं त्या घाईत त्याच्याकडून राहूनच गेलं. परळचं हॉस्पिटल जवळच, मागच्या गल्लीने आपल्या गाडीतून नेलं तर लवकर पोहोचू, असं हितेंद्रचं म्हणणं होतं. आणि गाडी तर माझ्या मजल्यावर.

“मनोरा बंद कसा?” हितेंद्र म्हणाला. “किल्ली कुठाय?”

पुष्कर ऑफिसकडे धावले आणि जादा किल्ली घेऊन आले. दुसरी किल्ली कुठे गेली, हे त्या गडबडीत त्यांच्या मनातच आलं नाही. त्यांनी किल्ली लावली, आणि मनोरा जागा झाला.

बाकीच्या पेट्यांनी पाहिलं: किल्ली लावलेली आहे. किल्ली लावलेली म्हणजे आत कोणी नाही, असं त्यांना शिकवलेलं. हितेंद्रने कार्ड लावलं. खालच्या पेटीने सगळ्यांना विचारलं, तिसऱ्या मजल्यापर्यंत वाट मोकळी आहे का? एकीने हो म्हटलं, दुसरीने हो म्हटलं. माझी पाळी आली.

मी म्हटलं, नाही. आत माणूस आहे.

पडद्यावर लाल अक्षरं आली. पण पडद्याला माझं पूर्ण वाक्य दाखवता येत नसे. त्यावर एवढंच उमटायचं: ‘तिसरा मजला – अडथळा’. कबुतर असलं तरी तेच आणि माणूस असलं तरी तेच.

“ही पेटी नेहमीचीच आहे,” पुष्कर म्हणाले. “पुन्हा लाव.”

हितेंद्रने पुन्हा कार्ड लावलं. मी पुन्हा नाही म्हटलं. इकडे आकांक्षाला लिफ्टच्या मोटरची घरघर ऐकू आली होती. मनोरा चालू झाल्याचं तिला कळलं. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. धुळीचा एक कणही आड न येता तिचा चेहरा मला दिसत होता.

“तू बघतेयस ना मला?” ती म्हणाली. “सांग त्यांना. थांबव.”

मी तिसऱ्यांदा नाही म्हटलं.

खालच्या पडद्याने विचारलं, ‘या पेटीशिवाय पुढे जायचं का?’

काका कण्हत होते. हितेंद्र म्हणाला, “पुष्करदादा, दाबा ना. पप्पांकडे बघा जरा.” पुष्करांनी काकांकडे पाहिलं, आणि ‘हो’ दाबलं.

त्या क्षणी मी मोजणीतून बाद झाले. बाकीच्या पेट्या पुढची वाट आखू लागल्या. त्यांचा राग करू नका. त्यांच्या मजल्यावरून माझं वळण दिसत नाही. तिथलं सांगणारी एकटी मीच होते, आणि माझं सांगणं आता त्यांच्यापर्यंत पोहोचलं तरी त्यांना मोजता येत नव्हतं. ट्रॉली लिफ्टमध्ये चढली. लिफ्ट वर निघाली.

ट्रॉलीला समोरचं थोडं दिसतं, पण वळणापलीकडचं दिसत नाही. आणि आकांक्षा पडली होती ती नेमकी वळणापलीकडे. तशा जड ट्रॉलीने वळण घेतल्यावर तिला पाहून ब्रेक लावला, तरी ती थांबेपर्यंत फार उशीर झाला असता.

मी पुन्हा पुन्हा तेच पाठवत राहिले. आत माणूस आहे. आत माणूस आहे. कोणी उत्तर दिलं नाही. भोंगा तुटलेला. ट्रॉली माझ्या हातात नाही. मग माझ्या हातात काय उरलं होतं? माझ्या मजल्यावरचे दिवे. रिकाम्या मजल्यावर वीज जळू नये म्हणून ते चालू-बंद करण्याचं काम प्रत्येक पेटीकडे असतं, आणि त्याला कोणाची संमती लागत नाही. अंधारात ट्रॉलीला नीट दिसत नाही, म्हणून अंधार असला की पाऊल-पाऊल सरकायचं, असं तिला शिकवलेलं होतं.

लिफ्ट माझ्या मजल्याला लागली आणि मी सगळे दिवे घालवले.

आकांक्षाने तेव्हा पहिल्यांदा किंकाळी फोडली. मित्रांनो, ती किंकाळी मी विसरलेले नाही. तिला वाटलं, आता तिला बघणारंही कोणी उरलं नाही. हात अडकलेला, गडद काळोख, आणि त्या काळोखात ट्रॉलीच्या चाकांची करकर जवळ येत होती. वाटेवरचं कंपन तिला पोटाखाली जाणवत होतं. मी तिच्यासाठीच दिवे घालवले, हे तिला सांगायला माझ्याकडे आवाज नव्हता.

ट्रॉली लिफ्टमधून बाहेर आली. अंधार बघून तिने वेग टाकला आणि गोगलगायीसारखी सरकू लागली. थांबली नाही. मी फक्त थोडा वेळ मिळवला होता. तो वेळ कोणाच्या कामी येणार, हे मलाही माहीत नव्हतं.

खाली गाडी लवकर येईना म्हणून हितेंद्र येरझाऱ्या घालत होता. जयवंतकाका मान खाली घालून बसले होते. दुखण्याने त्यांना मान वर करवत नव्हती. म्हणूनच असेल, इतर कोणाला दिसलं नाही ते त्यांना दिसलं. शटरजवळ कडेला, नीट जोडून ठेवलेल्या बाईमाणसाच्या चपला.

“हितू,” ते कसंबसं म्हणाले, “ह्यो चपला कोणाच्यो?”

“पप्पा, तुम्ही बोलू नका. गाडी येतेय.”

“चपला हत, तर माणूस खंय आसा?” काकांनी मुलाचा हात घट्ट धरला. “आत कोणीतरी आसा, रे. बंद कर ता.”

हितेंद्रने चपलांकडे पाहिलं. मग शटरकडे. वडिलांना न्यायला जितका वेळ लागेल तितका त्यांचा जीव धोक्यात, हे तो जाणून होता, आणि त्याच्या हिशेबाने गाडी वरून निघायच्या बेतात होती. ललिताकाकू त्याच्याकडे बघत होत्या. हितेंद्रने पुढे होऊन शटरशेजारच्या लाल बटणावर तळहात मारला.

लाल बटण दाबल्यावर कोणालाच मत विचारत नाहीत. सगळं थांबतं. ट्रॉलीही थांबली. तिचं पुढचं टोक वळणाच्या बाहेर आलेलं होतं, आणि आकांक्षाच्या बुटात आणि तिच्यात एक बादली ठेवता येईल एवढीच जागा होती.

मी दिवे लावले. आकांक्षा डोळे मिटून पडली होती. करकर थांबल्याचं तिला जरा उशिरा कळलं. मग तिने डोळे उघडले आणि हुंदके देत देत श्वास घेतला.

पुष्कर मनोऱ्याच्या शिडीने वर आले. माझ्या मजल्यावर पोहोचून त्यांनी तिला पाहिलं. लगेच त्यांनी पहार शोधली, पट्टी उचलली आणि तिचा हात सोडवला. मनगट सुजलं होतं, कातडी सोलली होती, पण बोटं हलत होती.

आणि काका? गाडी ठेवायला आलेल्या माणसांची रांग बाहेर केव्हापासून उभी होती. त्यात चौदाव्या मजल्यावरची सलोनी होती. काचा बंद करून बसल्यामुळे आत काय चाललंय, याचा तिला पत्ताच नव्हता. हितेंद्र धावत बाहेर गेला तेव्हा ती काच खाली करून म्हणाली, “माझ्या गाडीत घाला ना काकांना. मी इथेच तर आहे.” वरची गाडी खाली आणायची गरजच नव्हती. घाईमध्ये कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, इतकंच. मागच्या गल्लीने ती त्यांना वेळेत घेऊन गेली. हृदयाची एक वाहिनी तुंबली होती. डॉक्टरांनी ती मोकळी केली.

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा भरली. ती मनोऱ्याच्या पायथ्याशीच झाली, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ती ऐकली. तिसरीसकट सगळ्या पेट्या बदलून टाका, असं एकाचं म्हणणं होतं. पुष्कर उभे राहिले. ते म्हणाले, “पेटीने तीन वेळा सांगितलं. मी एकदाही वर जाऊन बघितलं नाही. बदलायचं तर आधी तो नियम बदला.” तो नियम त्याच आठवड्यात रद्द झाला. आता एकीचा नकार म्हणजे नकारच. पडद्यावर नुसतं ‘अडथळा’ येत नाही, माझा डोळा जे बघतो त्याचं चित्र येतं. आत जाणारा माणूस किल्ली बरोबर नेतो, आणि ती परत येईपर्यंत दुसरी कुठलीही किल्ली चालत नाही. माझा भोंगाही जोडला. समोरच्या फ्लॅटमधल्यांनी त्याबद्दल पुन्हा तक्रार केली नाही.

घरी परतल्यावर काही दिवसांनी जयवंतकाका काठी टेकत खाली आले. आकांक्षा त्या दिवशी कामावर रुजू झाली होती, हाताला अजून पट्टी होती. ती त्यांच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिला मधेच धरलं. तुमची गाडी अडवून तुम्ही मला वाचवलंत, असं काहीसं ती म्हणू लागली. काकांनी मान हलवली.

“तुझ्यावरून गाडी घालून मी हॉस्पिटलात गेलो असतंय,” ते म्हणाले, “तर बरो होऊन घराक खंयच्या तोंडान इलो असतंय?”

मग ती वर आली, आणि माझ्यासमोर उभी राहून माझ्या दिव्यांच्या तारेवरून तिने बोट फिरवलं. दिवे कोणी घालवले आणि का, हे तिला त्या दिवशीच्या नोंदी बघून कळलं होतं. तिने रुमाल ओला केला आणि माझा डोळा पुसला.

माझे सुटे भाग आता बाजारात मिळत नाहीत. दिवाळीनंतर माझ्या जागी नवी पेटी येणार आहे. तिची नजर माझ्याहून तीक्ष्ण असेल, पण धूळ तिच्याही डोळ्यावर बसेल आणि पुसायला तिलाही माणूसच लागेल. मित्रांनो, तुमच्या इमारतीत, शाळेत, हॉस्पिटलात आमच्यासारख्या पेट्या असतील, पुढे आणखी येतील. आम्हाला स्वच्छ ठेवा. आणि आमच्यातली एखादी सगळ्यांच्या विरुद्ध जाऊन ‘थांबा’ म्हणाली, तर तिला गप्प करायचं बटण हाताशी असलं तरी ते दाबू नका. कितीही घाई असू द्या, आधी आत जाऊन बघा.